रिकाम्या पुंगळीची साक्ष

काडतूस उडाले की त्याची वाटणी होते. शिशाची गोळी पुढे जाते, दारूचा धूर वाऱ्याबरोबर जातो आणि धातूची रिकामी पुंगळी बार काढणाऱ्याच्या पायाशी पडते. इतिहासाला आजवर गोळीचेच आकर्षण अधिक वाटत आले आहे, कारण ती कोणाला लागली यावर पोवाडे रचता येतात. पुंगळीवर कोणी पोवाडा रचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु माणूस कोठे उभा राहून लढत होता, हे गोळी सांगू शकत नाही. ते सांगते ती मागे पडलेली, कोणी दुसऱ्यांदा वळूनही न पाहिलेली पुंगळी.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील सीमाप्रदेशात, म्हणजे मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का, न्यू मेक्सिको अशा राज्यांत, जुन्या पुंगळ्या ओळखणे हा एक भरभराटीला आलेला छंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सैनिक, म्हशींचे शिकारी, गुराखी आणि मूळ रहिवासी यांच्या गाठी पडल्या त्या बहुधा बंदुकीच्या टप्प्यातच पडल्या. त्यांच्या खुणा आजही नांगराच्या फाळाला लागतात किंवा पावसाने धुपलेल्या ओघळीत उघड्या पडतात. सापडणारा त्या उचलतो, पुसतो आणि विचारतो, ‘ही कशाची आहे?’ प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर देणारी विद्याही चांगली आहे. आमचे म्हणणे एवढेच की हा प्रश्न दुसरा असावयास हवा होता. पहिला प्रश्न ‘ही कोठे होती?’ हा आहे, आणि तो विचारला जाईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

आधी त्या विद्येविषयी. पुंगळीची लांबी, तोंडाचा व्यास आणि बुडाचा व्यास ही तीन मापे घेतली की काडतुसाची जात बहुतेक वेळा निश्चित होते. मग बूड पाहावयाचे. काही काडतुसांत स्फोटक मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असे. त्यांवर घोड्याचा आघात कडेवर दिसतो. काहींत ते मध्यभागी असे. तेथे खळगा मधोमध पडतो. १८६० च्या हेन्री रायफलची फायरिंग पिन दोन टोकांची होती, म्हणून तिच्या पुंगळीच्या कडेवर समोरासमोर दोन खुणा उमटतात. जिच्या बुडावर ‘एच’ हे एकच अक्षर आहे ती बेंजामिन टायलर हेन्री या बंदूक घडविणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचे नाव अशा रीतीने लाखो पुंगळ्यांच्या बुडाशी जाऊन बसले आहे. ‘यू. एम. सी.’ ही अक्षरे कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टच्या युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीची. ती रेमिंग्टनमध्ये विलीन झाल्यानंतर ‘रेम-यू. एम. सी.’ असा ठसा येऊ लागला, तेव्हा तो दिसला की आपण विसाव्या शतकात आलो असे समजावे. ३०-०६ हे काडतूस १९०६ चे. त्याच्या नावातच साल आहे. तरीही आजोबांनी जपून ठेवलेली ३०-०६ ची पुंगळी कस्टरच्या लढाईतली म्हणून दाखविणारे नातू भेटतात म्हणे.

यांपैकी सर्वांत उद्बोधक नियम बुडावर काहीच न लिहिलेल्या पुंगळीविषयी आहे. अमेरिकन सैन्यासाठी फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात काडतुसे बनत. त्यांच्या बुडावर अक्षरे आणि आकडे उमटविण्याची पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली. ‘आर’ म्हणजे रायफल, ‘सी’ म्हणजे कार्बाईन, ‘एफ’ म्हणजे फ्रँकफर्ड आणि पुढे महिना व वर्ष. त्यापूर्वीची पुंगळी कोरी असते. तांब्याची, बुडाशी दोन दाबलेल्या खाचा असलेली आणि पूर्णपणे निरक्षर अशी ४५ कॅलिबरची पुंगळी हाती आली, तर ती १८७६ च्या उन्हाळ्यातली असू शकते. साक्षर पुंगळी मात्र तेव्हाची असूच शकत नाही. ही विद्या निरक्षर साक्षीदारावर अधिक विश्वास ठेवते, ही गोष्ट पुढील मजकुरासाठी वाचकांनी लक्षात ठेवावी.

त्या दोन खाचांच्या आत एक छोटी वाटी आणि स्फोटक मिश्रण असे. ही रचना ज्याच्या नावाने ओळखली जाते तो स्टीफन व्हिन्सेंट बेने हा अधिकारी १८७४ पासून १८९१ पर्यंत सैन्याच्या शस्त्रखात्याचा प्रमुख होता. त्याचा त्याच नावाचा नातू पुढे कवी झाला. अमेरिकेतील गावांच्या नावांवर त्याने १९२७ मध्ये लिहिलेल्या कवितेतूनच डी ब्राऊन यांनी १९७० मधील आपल्या ‘बरी माय हार्ट ॲट वुंडेड नी’ या पुस्तकाचे नाव घेतले. पश्चिमेचा इतिहास मूळ रहिवाशांच्या बाजूने मांडून ज्या पुस्तकाने अमेरिकेला अस्वस्थ केले त्याचे नाव कवी नातवाचे, आणि ज्या काडतुसांनी तो इतिहास घडविला त्यांची रचना आजोबांची! कादंबरीकाराने असे काही कल्पिले असते तर आम्हीच त्याला अतिरेकी म्हटले असते.

आता त्या उन्हाळ्याकडे वळू. २५ जून १८७६ रोजी मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर याने सातव्या घोडदळासह लाकोटा, शायेन आणि अरापाहो यांच्या मोठ्या वस्तीवर चाल केली. फौजेचे त्याने तुकड्यांत विभाजन केले होते. त्याच्याबरोबर गेलेली सुमारे २१० माणसे मारली गेली. मेजर रीनो आणि कॅप्टन बेंटीन यांच्याबरोबरचे लोक काही मैलांवरच्या टेकडीवर दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरून राहिले. पूर्वेकडे ही वार्ता पोहोचली तेव्हा प्रजासत्ताकाच्या शताब्दीचा सोहळा चालू होता.

पराभव पचवावयास राष्ट्राला एक चित्र लागते, आणि ते लवकरच मिळाले. एका टेकडीच्या माथ्यावर, चहूकडून वेढलेला, अखेरच्या काडतुसापर्यंत लढणारा कस्टर. १८९६ मध्ये अनहायझर-बुश या बियर बनविणाऱ्या कंपनीने या प्रसंगाचे शिळाछाप चित्र काढून देशभरच्या मद्यालयांत टांगले. किती अमेरिकनांनी आपला इतिहास पेल्यावरून मान वर करून शिकला असेल याचा हिशेब करवत नाही.

पराभवाचे कारणही मिळाले. बंदुका अडकल्या म्हणून हरलो. सैनिकांच्या हाती १८७३ ची स्प्रिंगफील्ड कार्बाईन होती. एका वेळी एक बार काढणारी, ४५ कॅलिबरची, ५५ ग्रेन दारूच्या काडतुसाची. तांब्याची पुंगळी तापून प्रसरण पावे आणि कधी कधी आतच चिकटून बसे, हे खरे. रीनोने लढाईनंतर महिन्याभरातच शस्त्रखात्याचा प्रमुख म्हणून वर उल्लेखिलेल्या बेनेलाच तसे कळविले होते. परंतु त्याच पत्रात आकडा आहे: ३८० कार्बाईनपैकी ६. या सहांच्या पुढे सबबींनी किती शून्ये जोडली ते सर्वज्ञात आहे.

साक्षीदार नव्हते असे मुळीच नाही. लढाईत जिंकलेली बाजू जिवंत होती आणि बोलतही होती. रेड हॉर्स या लाकोटा प्रमुखाने १८८१ मध्ये चार्ल्स मॅकचेस्नी या सैन्याच्या डॉक्टरला खाणाखुणांच्या भाषेत सारी हकिकत सांगितली आणि ४२ चित्रे काढून दिली. काही सैनिक भांबावले, शस्त्रे टाकून शरण येऊ पाहत होते, हे त्याने तेव्हाच सांगितले आणि ते १८९३ मध्ये सरकारी अहवालात छापूनही आले. गॉल हा लाकोटा योद्धा १८८६ मध्ये दहाव्या स्मृतिदिनी रणभूमीवर येऊन जागा दाखवून गेला. शायेन प्रमुख टू मून याची हकिकत १८९८ मध्ये मासिकात प्रसिद्ध झाली. वुडन लेग या शायेन योद्ध्याची आत्मकथा १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याने सांगितले ते असे की आम्ही उघड्यावर घोडे उधळीत फिरलो नाही. ओघळींतून, झुडपांआडून सरपटत पुढे गेलो आणि बाण वर सोडून पलीकडे लपलेल्यांवर पाडले.

आणि या साक्षींचे काय झाले? १८७९ मध्ये शिकागोत रीनोच्या वर्तनाची सैनिकी चौकशी झाली. अनेकांच्या साक्षी नोंदविल्या गेल्या. कस्टरला ज्यांनी शेवटचे पाहिले त्या लाकोटा-शायेन योद्ध्यांपैकी एकाचीही साक्ष तीत नाही. पुढे ज्यांनी त्यांच्या हकिकती वाचल्या त्यांनीही त्यांत विसंगती आहेत, दुभाष्याने घोटाळा केला असेल, शिक्षेच्या भीतीने किंवा खुशामतीने काही तरी सांगितले असेल, असे म्हणून त्या बाजूला ठेवल्या. या शंका निराधार नव्हत्या. विसंगती आहेत आणि दुभाषेही होते. परंतु याच निकषांवर रीनो आणि बेंटीन यांच्या साक्षी तपासल्या असत्या तर त्यांतले किती शिल्लक राहिले असते? आपली नोकरी वाचविण्यासाठी बोलणारा मेजर विश्वसनीय आणि ज्याला त्या चौकशीत गमावण्यासारखे काही नव्हते तो योद्धा संशयास्पद, हा न्याय पुराव्याचा नव्हे. तो वर्णाचा आहे.

ऑगस्ट १९८३ मध्ये रणभूमीवर वणवा लागला आणि दाट गवत जळून जमीन उघडी पडली. रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञाने पाहणी केली. १९८४ आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेचे डग्लस स्कॉट आणि फॉक्स यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांच्या रांगा धातुशोधक यंत्रे घेऊन ती जमीन फुटाफुटाने चालल्या. वस्तू सापडली की तेथे निशाण रोवावयाचे, नेमकी जागा मोजून नकाशावर मांडावयाची आणि मगच ती उचलावयाची. गोळ्या सापडल्या तर त्या कोणत्या दिशेने आणि किती कलून जमिनीत शिरल्या हेही टिपले गेले. पुंगळ्या नेब्रास्का राज्याच्या पोलीस प्रयोगशाळेतील तुलनादर्शी सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. खुनाच्या तपासात वापरतात तीच रीत. प्रत्येक फायरिंग पिनची आणि पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्याची खूण वेगळी असते. दोन पुंगळ्यांवर तीच खूण दिसली की त्या एकाच बंदुकीच्या.

यातून जे हाती आले त्याने आम्हांला आजही थक्क व्हावयास होते. एकच बंदूक एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे कशी सरकत गेली हे शंभर वर्षांनंतर नकाशावर रेषेने दाखविता आले. कॅलहून टेकडीजवळ हेन्री रायफलच्या पुंगळ्यांचा असा दाट पुंजका सापडला की संशोधकांनी त्या जागेला ‘हेन्रीव्हिल’ असे नावच दिले. लपून बसलेल्या योद्ध्यांनी तेथून सैनिकांच्या रांगेवर मारा केला होता. मूळ रहिवाशांच्या हाती किती तऱ्हेतऱ्हेची शस्त्रे होती तेही कळले. स्पेन्सर, शार्प्स, हेन्री, विंचेस्टर आणि जुन्यापान्या ठासणीच्या बंदुका धरून रणभूमीवर एकूण चाळीसहून अधिक प्रकार भरले. आणि त्या अडकलेल्या कार्बाईनचे काय? चाकूने वा टोकदार वस्तूने उपसून काढल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या अगदी थोड्या निघाल्या. सबबीचा निकाल लागला.

फॉक्स यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात काढलेला निष्कर्ष असा की सैनिकांच्या सुव्यवस्थित रांगा केवळ आरंभी दिसतात. पुढे पुंगळ्यांची मांडणी विस्कटते. माणसे घोळक्या-घोळक्याने मागे हटली, घाबरली, पळाली. चित्रातला अखेरचा झुंजार लढा जमिनीवर दिसत नाही. वृत्तपत्रांनी या संशोधनाचे स्वागत ‘विज्ञानाने दंतकथा खोटी ठरविली’ अशा थाटात केले.

येथे आमचा मतभेद आहे, आणि तो फॉक्स यांच्याशी नाही. त्यांनी स्वतः मूळ रहिवाशांच्या हकिकती मोठ्या आदराने पुराव्यात घेतल्या आहेत. मतभेद त्या थाटाशी आहे. विज्ञानाने नवे काय सांगितले? सैनिकांची फळी मोडली आणि ते भांबावले, हे रेड हॉर्सने १८८१ मध्ये सांगितले होते. योद्धे लपत सरपटत आले, हे वुडन लेगने १९३१ मध्ये सांगितले होते. शंभर वर्षे माणसे बोलत होती तेव्हा ऐकले नाही आणि तांब्याचा तुकडा बोलला तेव्हा मात्र माना डोलावल्या. याला विज्ञानाचा विजय म्हणणे हा त्या साक्षीदारांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. विज्ञानाने येथे केले ते एवढेच, की साक्षीदाराला न्यायालयात येऊ न देणाऱ्या दरवानाला बाजूला सारले.

पुंगळीवर आंधळा विश्वास ठेवण्याचे धोके वेगळेच आहेत. पुंगळी बंदूक सांगते, माणूस सांगत नाही. कस्टरच्या टेकडीपाशी सापडलेली स्प्रिंगफील्डची पुंगळी सैनिकाने टाकलेली असेल, किंवा त्याच दिवशी थोड्या वेळापूर्वी नदीकाठच्या झटापटीत रीनोच्या मेलेल्या सैनिकाकडून कार्बाईन घेऊन आलेल्या शायेनाने. त्या रणभूमीवर अशाही काही पुंगळ्या निघाल्या की काडतूस सैन्याचे ४५ कॅलिबरचे, परंतु ते झाडले गेले ५० कॅलिबरच्या रुंद नळीतून. आधार न मिळाल्याने पुंगळी फुगली आणि उभी चिरली. कोणा योद्ध्याने हाती लागलेली शत्रूची काडतुसे आपल्या जुन्या बंदुकीत जशी बसतील तशी घालून बार काढला होता. मापांच्या तक्त्यात ही पुंगळी कोठेच बसत नाही. आणि ज्याने बाणच सोडले त्याचे काय? ठासणीची बंदूक वापरणाऱ्याचे काय? पुंगळ्यांच्या नकाशावर ते दोघेही अनुपस्थित आहेत. वुडन लेगचे म्हणणे खरे मानावयाचे तर त्या दिवशी बाणांचे काम मोठे होते. ते मोजावयास साधन एकच, वुडन लेग.

आता ज्या खिशांविषयी आरंभी बोललो त्यांच्याकडे येतो. फॉक्स यांच्या निष्कर्षावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे की अखेरच्या टेकडीवर सैनिकांच्या पुंगळ्या थोड्या सापडल्या याचा अर्थ तेथे थोडे बार झाले असा कसा करावा? तीच तर सर्वांत प्रसिद्ध जागा. लढाईनंतरच्या पहिल्या वर्षापासून तेथे सैनिक, अधिकारी, प्रवासी येत राहिले आणि आठवण म्हणून काही ना काही उचलून नेत राहिले. शंभर वर्षांनी यंत्रे फिरली ती उष्ट्या ताटावर. म्हणजे ज्या एका प्रश्नाचे उत्तर संपूर्ण अमेरिकेला हवे होते, अखेरचा लढा झाला की नाही, त्याच्या उत्तराची पाने त्याच प्रश्नाने भारावलेल्या लोकांनी एकेक करून फाडून नेली. कस्टरवर त्यांचे प्रेम होते याविषयी आम्हांला शंका नाही.

सगळे उचलणारे सारखे नव्हते, हेही सांगावयास हवे. मुख्य टेकड्यांपासून दूरच्या एका डोंगरसोंडेला आज नाय-कार्टराइट सोंड असे नाव आहे. तेथे पुंगळ्या शोधून ज्यांनी त्या कोठे सापडल्या हे सांगितले त्या दोघांची ही नावे. अशा नोंदी होत्या म्हणूनच जेरोम ग्रीन यांना १९७३ मध्ये, वणव्याच्या दहा वर्षे आधी, त्या नकाशावर मांडून लढाईचा विचार करता आला. वस्तू तीच, छंद तोच. फरक कागदाच्या एका चिठोऱ्याचा.

अमेरिकेच्या १९७९ च्या कायद्याने संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवान्यावाचून उचलणे हा गुन्हा ठरला. १८७६ ची पुंगळी तेव्हा नुकतीच शंभरी ओलांडून कायद्याच्या छायेत आली होती. खाजगी जमिनीवर मात्र मालकाची मर्जी. आम्हांला वाटते की कायद्यापेक्षा येथे छंदाची रीत बदलणे अधिक उपयोगाचे ठरेल. पुंगळ्या ओळखण्याच्या उत्तमोत्तम मार्गदर्शिकांत मापे असतात, ठसे असतात, कारखान्यांचे इतिहास असतात. ‘उचलण्यापूर्वी जागा टिपा, शक्य तर उचलूच नका’ ही सूचना बहुधा कोठे तरी शेवटी असते. ती पहिल्या पानावर, पहिल्या मापाच्याही आधी असावयास हवी. ठसा आज वाचला नाही तर पन्नास वर्षांनी वाचता येईल. जागेचे तसे नाही.

त्या रणभूमीला पूर्वी कस्टरचे नाव होते. १९९१ मध्ये कायद्याने ते बदलून लिटल बिगहॉर्न करण्यात आले. १९९९ पासून पडलेल्या योद्ध्यांच्या जागी लाल ग्रॅनाइटचे दगड बसविले जात आहेत आणि २००३ मध्ये मूळ रहिवाशांचे स्मारकही उभे राहिले. ते दगड कोठे बसवावयाचे हे ठरविताना योद्ध्यांच्या वंशजांनी घराघरांत जपलेल्या आठवणींचा आधार घेतला गेला. रेड हॉर्सची चित्रे स्मिथसोनियन संस्थेच्या मानववंशशास्त्रीय संग्रहात आहेत. त्यांत घोडे फार आहेत, जखमी आणि मेलेले, आणि घोड्यांच्या टापांचे ठसे. टेकडीवरून नेलेल्या पुंगळ्याही नष्ट झालेल्या नसाव्यात. कोणाच्या तरी खणात, एखाद्या पत्र्याच्या डबीत त्या असतील. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तर प्रत्येकीची बंदूक आजही ओळखता येईल.